आधी स्वतःचा काटा

सराफ अंगठी वजनाला ठेवण्याआधी रिकाम्या काट्यावर नजर टाकतो. शून्य दिसलं की मगच पुढचं काम. आपले इन्सॅट उपग्रहही असंच करतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ते दर अर्ध्या तासाला ढगांचं चित्र पाठवतात. ढगाचा माथा जितका गार, तितका ढग उंच, आणि पावसाळी ढग उंच असला की जोरदार सरींची शक्यता जास्त. म्हणून तो गारवा अचूक मोजायला हवा. त्यासाठी उपग्रहातलं उपकरण अधूनमधून पृथ्वीवरची नजर काढून थंडगार, रिकाम्या अवकाशाकडे बघतं. मग आतच बसवलेल्या एका काळ्या पृष्ठभागाकडे बघतं, ज्याचं तापमान नेमकं ठाऊक असतं. या दोन खुणा जुळल्या की पुन्हा ढगांकडे.

हवामानबदल मोजताना तर ही काळजी फारच लागते, कारण फरक दहा वर्षांत अंशाच्या काही दशांशांचा. १९७८च्या अखेरीपासून अमेरिकी उपग्रह हवेच्या थरांचं तापमान मोजत आहेत. नव्वदच्या दशकात जमिनीजवळची हवा तापतेय असं तापमापक सांगत होते. खालच्या थराचे उपग्रहाचे आकडे मात्र किंचित थंडी दाखवत होते. १९९८ साली फ्रँक वेंट्झ आणि मथियास शाबेल या शास्त्रज्ञांनी एक कारण शोधलं. अतिउंचावरच्या विरळ हवेच्या घर्षणानं उपग्रह स्वतःच वर्षाकाठी साधारण एक किलोमीटर खाली घसरत होते. त्यामुळे बघण्याचा कोन बदलत गेला आणि हवा गार होत असल्याचा भास झाला. आकडे कोणी फेकून दिले नाहीत. घसरण तेवढी हिशेबात धरली. पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या, आणि तीच नोंद आज तापमानवाढीचा अभ्यास करायला वापरतात.

आपलीही पातळी दिवसभरात खालीवर होते. झोप अपुरी, नाश्ता राहिलेला, त्यात लोकल चुकलेली. अशा वेळी सहकाऱ्याचा साधा निरोपही टोमणा वाटतो. मुलानं एकच प्रश्न दोनदा विचारला तरी आवाज चढतो. उत्तर देण्याआधी अर्धं मिनिट स्वतःकडे बघायला काय हरकत आहे? पोटात काही गेलंय का? राग याच माणसाचा आहे, की सकाळपासून सोबत आणलाय? राग खोटाच असेल असं मुळीच नाही. चहा पिऊन पुन्हा वाचल्यावरही तो निरोप तितकाच उद्धट वाटला, तर खुशाल दोन स्पष्ट ओळी लिहाव्यात.