तार बदलली तरी अक्षर तेच?

1978 साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने काढलेलं व्हीटी-100 हे टर्मिनल आजच्या लिनक्स संगणकाला जोडता येतं, आणि त्यासाठी मूळची पंचवीस पिनांची जाड केबलच हवी असंही नाही. नेटवर्कची साधी कॅट-5 केबल चालते. दोन्ही टोकांना अडॅप्टर लावायचे, एकीकडची बोलणारी तार दुसरीकडच्या ऐकणाऱ्या तारेला द्यायची आणि ग्राउंड सरळ ठेवायचं. जाणकार आणखी एक काळजी घेतात: जाणारी आणि येणारी तार एका पिळात ठेवत नाहीत, प्रत्येकीला ग्राउंडच्या तारेची जोड देतात, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीत उतरत नाही. एवढं नीट झालं की पडद्यावर अक्षरं उमटतात. मधलं द्रव्य सगळं नवं आहे. मग अक्षर तेच, की दुसरं?

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे, आणि त्यात वेदांचं प्रामाण्य पणाला लागलेलं होतं. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. कितीही जणांनी उच्चारला तरी 'हा तोच ग' अशी ओळख आपल्याला पटते, हा त्यांचा पुरावा. नैयायिकांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. त्याचा अर्थाशी संबंध संकेताने ठरलेला असतो. वरवर पाहता ही केबल मीमांसकांच्या बाजूने साक्ष देते: वाहक बदलला, अक्षर टिकलं. मला मात्र ती साक्ष नैयायिकांची वाटते. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान जिच्यावर चाले, ती इस्की संकेतपद्धती घ्या. तिच्यात 'क' म्हणजे 179. ऐकणाऱ्या बाजूने आठवा बिट टाकून द्यायचं ठरवलं असेल, तर 179 मधून 128 जातात, उरतात 51, आणि पडद्यावर 'क'च्या जागी 3 हा आकडा येतो. तार निर्दोष, व्होल्टेज बरोबर, एकही बिट वाटेत हरवलेला नाही. तरी अक्षर गेलं. दिवा मंद असला की घडा अंधुक दिसतो, असं मीमांसक म्हणू शकतील. पण इथे दिवा, म्हणजे वाहून नेणारी तार, मंद नव्हताच. मोडला तो दोन टोकांमधला करार.

यावर कुणी म्हणेल, तारेला इतकं गौण ठरवू नका. खरं आहे. आयबीएमच्या 3270 टर्मिनलची कोअ‍ॅक्स केबल 93 ओमची. पिळाच्या तारेवर ते आणायचं तर मध्ये दोन्हींचा मेळ घालणारा बॅलन हा जोड बसवावा लागतो. द्रव्याला स्वतःच्या अटी असतात आणि संकेताला त्या पाळाव्याच लागतात. पण त्या अटी अक्षर पोचेल की नाही एवढंच ठरवतात. कोणतं अक्षर, हे नाही. मीमांसकांचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: संकेत ठरवायलाही आधी शब्द लागतात, मग पहिला संकेत कुणी कशाने ठरवला? टर्मिनलचे नियम ठरवणाऱ्यांकडेही आधीची भाषा होतीच, हे मान्य करावं लागतं. मात्र त्यावरून पहिला संकेत आपल्याला दिसत नाही एवढंच सिद्ध होतं. तो नित्य आहे, हे नाही. शिवाय संकेत मानल्याने वेदांचं प्रामाण्य बुडतं ही भीतीही निराधार आहे. न्यायसूत्रांनी वेद प्रमाण मानले ते आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याच्या, बळावर. तिथे भार शब्दाच्या अमरपणावर नसून विश्वासावर आहे, आणि विश्वास कुणीतरी पाळावा लागतो. 27 हा संकेत, मग चौकटी कंस, 2 आणि जे, या क्रमाने व्हीटी-100 पडदा पुसत असे. आजच्या लिनक्समधली खिडकीही पुसते, कारण ती लिहिणाऱ्यांनी तो करार पुन्हा स्वीकारला. त्यांनी तो नाकारला असता, तर पडदा पुसला गेला नसता आणि कंस, 2, जे ही तीन चिन्हं तशीच त्यावर छापली गेली असती.