हवालदिल माणूस आणि यश्मचे पदक

गळ्यात किंवा कमरेला एखादी वस्तू बांधली की माणसाला धीर येतो. हा अनुभव सर्व देशांत, सर्व धर्मांच्या लोकांत सारखाच आहे. पण ती वस्तू आपण कशासाठी बांधतो? तिने आपले रक्षण करावे म्हणून, की तिने आपल्याला बजावत राहावे म्हणून? प्रश्न लहान दिसतो, पण आपल्या नीयतचा सगळा हिशेब त्यात सामावला आहे.

चीनमधील जुनी कोरीव जेडची पदके या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देतात. जेड म्हणजे फारसी-उर्दूतला यश्म. चिनी भाषेत 'यू'. दिसायला हा दगड लोण्यासारखा मऊ, पण पोलादी सुरीनेही त्यावर ओरखडा उठत नाही. छिन्नीने तो कोरता येत नाही. पाणी आणि कणखर वाळू घालून फिरत्या चकतीवर घासत राहावे लागते. पदकावरची प्रत्येक पाकळी अशी सबुरीने झिजवून काढलेली असते.

या पदकांवर पुष्कळदा वटवाघूळ कोरलेले दिसते. आपल्याकडे त्याला अशुभ मानतात. चीनमध्ये मात्र 'वटवाघूळ' आणि 'सुदैव' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असाच होतो, म्हणून ते शुभ ठरले. पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुणांची ओढ आणि आयुष्य पुरे करून आलेले शांत मरण. यातले चौथे मागणे आपण नीट पाहावे. बाकीची सुखे नशिबाने पदरात पडू शकतात. सद्गुणांची ओढ मात्र मागणाऱ्यालाच कामाला लावते.

रक्षणाची आशा किती दूर जाऊ शकते, हे १९६८ साली हपै प्रांतातील मानचंग येथे दिसले. इ.स.पू. ११३ मध्ये मरण पावलेल्या ल्यू शंग या राजपुत्राची कबर तिथे उघडली गेली. देह कुजू नये म्हणून त्याला जेडच्या २,४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारांनी शिवलेला पोशाख चढवला होता. पोशाख टिकला, देहाची माती झाली. मातीचा हा हिशेब राजालाही चुकवता आला नाही.

त्याच चीनमध्ये दुसरा विचारही होता. कन्फ्यूशियसच्या परंपरेत सज्जन माणूस जेडची पदके कमरेला लावी. चालताना ती एकमेकांवर आपटून मंजुळ नाद करीत. चाल घाईची किंवा उर्मट झाली की नाद बिघडे आणि माणूस सावरे. इ.स. १००च्या सुमारास श्यू शन याने आपल्या कोशात जेडचे पाच गुण सांगितले. त्यांत त्याची ऊबदार झळाळी म्हणजे दया, तुटणे पण न वाकणे म्हणजे धैर्य, आणि कडा असूनही कुणाला न कापणे म्हणजे सचोटी. इथे दगड धारण करणाऱ्याला काही देत नाही, त्याच्याकडून मागतो.

परंतु हा दयेचा दगड येई कुठून? चीनमधला उत्तम जेड खोतानच्या नद्यांतून येई. त्यांची नावेच युरुंगकाश आणि काराकाश, म्हणजे पांढरा जेड आणि काळा जेड. अकराव्या शतकापासून हा मुलूख मुसलमानांचा. १७५९ मध्ये चीनच्या बादशहाने तो जिंकला आणि जेडचा मोठा वाटा दरबारात जाऊ लागला. यारकंद येथील गाव पू या अधिकाऱ्याने तर हजारो स्थानिक मुसलमानांना डोंगरात राबवून जेड काढला आणि चोरून विकला. तिथल्या मुसलमान हाकिमाने तक्रार केली, आणि १७७८ मध्ये बादशहाने गाव पूला देहदंड दिला. चोरी उघडकीस आली, पण राबलेल्यांची नावे कोण सांगणार? दयेचे प्रतीक घडवताना कुणाची पाठ मोडली, हे पदकावर कोरलेले नसते. प्रतीकाचा अर्थ आपण पाठ करतो आणि त्याची किंमत कुणी चुकवली हे विसरतो, तेव्हा ते प्रतीक खोटे पडते.

हा दगड आपल्यालाही परका नाही. मोगल काळात यश्मचे पदक छातीवर बांधत, काळजाची धडधड थांबावी म्हणून. त्याला 'हौलदिली' म्हणत. हौल म्हणजे भीती, दिल म्हणजे काळीज. याच शब्दातून मराठीचा 'हवालदिल' आला. आपण रोज तो शब्द वापरतो आणि त्यामागचे घाबरलेले काळीज विसरून जातो. घाबरलेल्या माणसाला हसू नये. तावीज बांधावा की बांधू नये, यावर उलेमांमध्येही मतभेद आहेत. तो वाद इथे उकरायचा नाही.

एवढेच म्हणायचे आहे, की गळ्यातला तावीज असो, हातातली तस्बीह असो की बोटातला अकीक, त्याने आपली चाल बदलली का, हे आपण स्वतःला विचारावे. मजुराची मजुरी देताना, वाटणीत बहिणीचा हिस्सा मोजताना, शेजाऱ्याविषयी बोलताना तो आपल्या कानाशी वाजतो का? वाजत असेल, तर साधा दगडही पुरे. वाजत नसेल, तर खोतानचा पांढराशुभ्र यश्मसुद्धा गळ्यातले ओझेच.