कष्टांचा अहंकार



गेल्या वर्षी माघात जुन्नर तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. दुपारचा प्रसाद एका माळकरी शेतकऱ्याच्या घरी झाला. वय सत्तरीच्या पुढे, पायाला भेगा, आषाढीची पायी वारी कैक वर्षांत चुकलेली नाही. जेवणे झाली, सुपारी पुढे आली, आणि आबांनी आपले दुःख मांडले.

"महाराज, रात्री आमच्या पोराला दोन शब्द ऐकवा. बाजेवर पडून शेती करतोय. मोबाईलचं बटण दाबतो अन् विहिरीवरची मोटार चालू होती. आम्ही मिसरूड फुटायच्या आधी मोट हाकली, रात्र रात्र दारी धरली, चिखलानं पायाची बोटं कुजली. अन् हा उठतो आठ वाजता!"

आम्हांस हे तात्काळ पटले. न पटून सांगता कोणाला? आम्हीही त्याच पिढीचे. रात्री निरूपणास सावतोबांचे चरित्र घेतले. अरणचा मळा, हातातील खुरपे, मुखी नाम, पंढरीस न जाताही मळ्यातच पांडुरंग, असे सर्व रंगवून झाल्यावर आम्ही म्हणालो, "सावतोबा वाफ्यात उभे होते. आजचा कुणबी बाजेवरून पाणी देतो. उद्या बाजेवरूनच पंढरीला नमस्कार करील!" मंडपात हशा पिकला. मागच्या बाजूस एक तरुण उठला आणि टाळ खाली ठेवून निघून गेला. ते आम्ही पाहिले. खरे सांगावयाचे तर बाण वर्मी लागला याचा आम्हांस संतोषच वाटला.

सकाळी निघण्याच्या वेळी तोच तरुण आला. रीतीप्रमाणे पाया पडला आणि उभ्यानेच बोलू लागला. "महाराज, सावतोबांच्या मळ्यात मोटार नव्हती. असती तर त्यांनी ती दगडानं फोडली असती का?" आम्ही गप्प. तो पुढे म्हणाला, "आमच्याकडं पंपाची वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला माझे चुलते दारी धरायला गेले, त्यांना पान लागलं, बांधावरच गेले. भोवती ऊस, उसात बिबट्या. कर्ज काढून ठिबक केलं, मोटारीला मोबाईलवर चालणारी पेटी बसवली. आठला उठतो हे खरं आहे. पण रात्री दोनदा उठून वीज आली का बघतो, ते आबांनी तुम्हाला सांगितलं नाही."

आबा दारातच उभे होते. ते म्हणाले, "मग वारीला पण गाडीनं जा की! ती तरी पायी कशाला?"

मुलगा म्हणाला, "आबा, वारीच्या वाटंवर विठ्ठल भेटतो. बांधावर बिबट्या भेटतो."

यावर आबा हसतील असे आम्हांस वाटले. ते हसले नाहीत. उपरण्याने तोंड पुसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आम्ही जन्मभर येडेपणाच केला म्हणायचा."

गाडी घाट उतरली तरी हे वाक्य आमच्या मनातून उतरेना. मुलगा आळशी आहे ही आबांची तक्रार नव्हतीच. सख्ख्या भावाला त्यांनी स्वतः खांदा दिला. रात्रीच्या पाण्यात काय असते हे त्यांना का कोणी शिकवावे? त्यांचे दुःख निराळेच होते. ज्या कष्टांवर आपण आयुष्यभर मान ताठ ठेवली, ते कष्ट एका बटणाने संपतात, तर मग आपली किंमत काय उरली? आणि हे आम्हांस चटकन उमगले, कारण तोच रोग आमच्या घरी आहे.

1972 च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. आम्ही धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शेजारी बसत असू. सुकडी मिळे, ती दिवाळीसारखी वाटे. पुढे पाठशाळेत राहिलो. पहाटे चारला उठून नदीवरून घागरी आणावयाच्या, कुडकुडत रूपावली म्हणावयाची. आज आमच्यापाशी शिकणाऱ्या मुलांना नळ आहे, गरम पाणी आहे. आणि आम्ही आठवड्यातून एकदा तरी त्यांना त्या घागरी ऐकवितो. त्या घागरींनी आमचे व्याकरण पक्के झाले काय? व्याकरण गुरुजींनी पक्के केले. घागरी होत्या कारण नळ नव्हता. इतकी साधी गोष्ट. पण साठी उलटली तरी ती मान्य करणे जिवावर येते.

घरी पोहोचल्यावर अठरावा अध्याय पुन्हा उघडला. तेथे भगवंतांनी कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. चोविसाव्या श्लोकात राजस कर्माचे लक्षण आहे, आणि त्यात 'बहुलायास' असा शब्द आहे. अतिशय आयास करून, फळाची इच्छा धरून अथवा अहंकाराने केलेले ते राजस. पाठशाळेत हा श्लोक शेकडो वेळा घोकला. त्या शब्दावर बोट कधी थांबले नाही. आमची समजूत अशी की जितका घाम अधिक, तितके कर्म सात्त्विक. भगवंत तसे म्हणत नाहीत. पुढच्याच श्लोकात, होणारी हानी आणि आपले सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभलेले कर्म त्यांनी थेट तामसात टाकले आहे. सापाच्या बांधावर काळोखात अनवाणी जावे, हाच धर्म, असे आता कोणत्या तोंडाने सांगावे?

आणि आपल्या संतचरित्रांत काय आहे? जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला. पैठणास नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने बारा वर्षे कावडीने पाणी भरले. दळण हलके झाले म्हणून जनी आळशी झाली, किंवा पाणी दुसऱ्याने भरले म्हणून नाथ ऐदी झाले, असे आजवर कोणी कीर्तनात म्हटल्याचे ऐकले नाही. (मोबाईलच्या पेटीला श्रीखंड्या म्हणावे इतके आम्ही धीट नाही. तरुण मंडळींनी हे वाक्य पदरी बांधून घेऊ नये.)

तरुणांना मोकळे सोडले असे मात्र कोणी समजू नये. त्याच अध्यायात अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याला आळशी आणि दीर्घसूत्री म्हटले आहे. आजचे काम महिन्यावर ढकलणारा तो दीर्घसूत्री. आमच्याकडे पखवाज शिकावयास आलेला एक मुलगा पंधरा दिवसांनी म्हणाला, "महाराज, बोल मोबाईलवर आहेत, घरी ऐकून बसवतो." बोल मोबाईलवर आहेत हे खरे, हात मोबाईलवर नाही. पाणी पिकाला पोहोचले की काम झाले, मग ते मोटेने पोहोचो की बटणाने. पखवाजाचे तसे नाही. तेथे बसणे हेच काम आहे. वारीचेही तेच, पंढरीस पोहोचणे एवढेच हवे असते तर एस्.टी. एका दिवसात पोहोचविते. हे त्या जुन्नरच्या मुलाला कोणी न शिकविता कळले होते. ठिबकाने जो वेळ वाचला त्यात तो सप्ताहाला टाळ घेऊन उभा होता. आणि त्यालाच आम्ही उठवून लाविले!

हे शल्य वर्षभर राहिले. यंदा त्याच गावचे बोलावणे आले तेव्हा काल्याची सेवा होती तरी आम्ही आदल्या दिवशीच गेलो. चार लोकांत केलेला अपमान एकांतात फेडता येत नाही; म्हणून कीर्तनातच, नाव न घेता, परंतु सर्वांना कळेल असे, गेल्या वर्षी आमचे चुकले असे सांगितले. आबांविषयीही सांगितले, की मोट हाकणाऱ्यांनी ती जमीन राखली म्हणून आज ठिबक टाकावयास रान उरले आहे. आबा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. त्यांचा मुलगा टाळकऱ्यांत उभा होता.

आदल्या रात्री मात्र आम्ही दुसऱ्या महाराजांचे कीर्तन ऐकत मंडपात बसलो होतो. रात्रीच्या विजेची पाळी होती. गजर चालू असताना मुलाने टाळ काखेत धरले, खिशातून मोबाईल काढला, बटण दाबले आणि पुन्हा टाळ हाती घेतले. गजर संपताच आबा आमच्या शेजारून मागे वळले आणि हळूच विचारते झाले, "आली का रे?"

"आली, आबा. चालू झालं पाणी."