पाचवं कारण

एअर रायफलचा छर्रा साडेचार मिलिमीटर रुंद, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शिशाचा, डमरूसारखा मधे बारीक. डोकं सपाट असतं, त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. मागची बाजू पोकळ आणि तिची कड इतकी पातळ, की नखाने दाबली तरी वाकते. तिला आम्ही स्कर्ट म्हणतो. मागून हवेचा दाब आला की ती फुगून नळीतल्या पेचदार खाचांत घट्ट बसते, छर्रा फिरत बाहेर पडतो आणि सरळ जातो. कड एका बाजूने चेपलेली असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा नळी सोडतानाच किंचित कलतो. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश गुण गेला.

सोलापुरातल्या आमच्या लहानशा रेंजवर छर्रे बाहेरगावाहून पार्सलने येतात. पाचशेची डबी, म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त शिसं. छर्रे आत सुटे असतात. वर फोमची चकती नसेल तर प्रत्येक आदळण्याबरोबर ते एकमेकांवर आपटतात. डबी उघडल्यावर तळाशी करडी पूड दिसली की समजायचं, प्रवासात हाल झाले.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी स्पर्धेहून परत आली ती गप्प होऊन. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरी घरातली, घरी तेलुगू बोलणारी, कष्टाळू पोर. नीट धरलेले, नीट सोडलेले शॉट नवाच्याही बाहेर गेले होते. ‘‘सर, नशीबच नव्हतं,’’ ती म्हणाली. तिची आई म्हणाली, देवाच्या मनात नव्हतं. मी तिची डबी कागदावर ओतली. तळाकडच्या कितीतरी छऱ्यांच्या कडा दबलेल्या होत्या. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. वाटेत चेपलेल्या छऱ्यामुळे गेलेला गुण कोणाच्या कर्माच्या खात्यात मांडायचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. लगेच पुढे बजावलं आहे की असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. ही यादी घेऊन रेंजवर उभं राहावं. कर्ता नेम धरणारा, साधनं म्हणजे रायफल आणि छर्रा, चेष्टा म्हणजे श्वास रोखणं आणि ट्रिगरवरचं बोट. हे तीन पटकन जुळतात. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्य सांगतात. मी ते पायाखालच्या जमिनीपर्यंत ताणतो, कारण मला नेमबाज अभिनव बिंद्रा आठवतो. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकला पात्रता फेरीत तो तिसरा होता आणि अंतिम फेरी संपली तेव्हा सातवा. तो उभा होता तिथली फरशी सैल होती, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. बीजिंगला 2008 मध्ये त्याने 700.5 गुणांनी सुवर्णपदक घेतलं, दुसऱ्या क्रमांकाच्या फक्त 0.8 ने पुढे राहून. इतक्या बारीक अंतराच्या खेळात सैल फरशी काय करू शकते, हे वेगळं सांगायला नको.

त्या फरशीला दैव म्हणायचं का? ती कुणीतरी बसवली होती. खाली सिमेंट पुरेसं घातलं गेलं नसेल, किंवा संध्याकाळ झाली म्हणून काम उरकलं असेल. ज्या हातांनी ते झालं, ते बिंद्राला कधी दिसले नाहीत. माझ्या विद्यार्थिनीचे छर्रे ज्या हातांतून आले, तेही तिला दिसले नाहीत. आपल्याला न दिसलेल्या माणसाच्या कामाला आपण दैव म्हणतो आणि शोध तिथेच थांबवतो. मला हे नुसतं चूक वाटत नाही, अन्यायाचं वाटतं.

शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे आंधळी सोडत नाही. इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा ते अर्थ घेतात. डोळा माझा असला तरी पाहायला सूर्य लागतो. हाताबाहेरचं, पण आपलं काम चालवणारं साहाय्य, ते पाचवं कारण. हा अर्थ मला पार्सलच्या खोक्यापर्यंत नेता येतो. शिसं वितळवणारा, डबी भरणारा, खोकं बांधणारा, रात्री ट्रकवर चढवणारा, पहाटे सोलापुरात उतरवणारा, हे सगळे त्या पाचव्या कारणात उभे आहेत. त्यांनी नीट केलेलं काम कधी नजरेला येत नाही. अनुग्रह असाच असतो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लागतात. तिथे कुणी छर्रा पारखत नाही, आणि पारखायची गरजही नाही. फुगा मोठा असतो, चेपलेला छर्राही तो फोडतो. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याकडे रायफल वळवली की मात्र डबी भरणाऱ्यापासून हमालापर्यंत सगळे तुमच्या शॉटमध्ये येऊन उभे राहतात. ध्येय बारीक होत जातं तसा एकट्याचा वाटा कमी होत जातो. एकाग्रता वाढली की माणूस स्वतःच्या बळावर उभा राहतो असं आपण मुलांना शिकवतो, त्याच्या हे उलट आहे.

टिळकांचं ‘गीतारहस्य’ 1915 साली छापून आलं. कर्माचं मोल बाहेरच्या परिणामावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावं, हा त्यातला आग्रह. मुलीच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. तिची बुद्धी शुद्ध होती, शॉटही शुद्ध होता, कागदावरचं भोक तिच्याबद्दल काही सांगत नाही. पण हाच निकष खोकं फेकणाऱ्याला लावला तर तोही सुटतो. त्याच्या मनात वाईट नव्हतं, आत काय आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. सगळ्यांची बुद्धी निर्मळ, आणि कड तरीही वाकलेली. एकाच कर्त्याच्या मनात डोकावून हा हिशेब लागत नाही.

माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सूत कच्चं आलं किंवा ताण्याला खळ नीट बसली नाही की साच्यावर तार तुटत राहायची. पण फोल्डिंग खात्यात कापड उलगडलं जायचं तेव्हा त्यावर नंबर साचेवाल्याचा असायचा, आणि दंडही त्यालाच. मुंबईच्या गिरण्यांत तर बिघडलेलं कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापत. 1936 साली वेतनाचा कायदा आला. त्यात नुकसानीची कपात करायला दोन अटी घातल्या गेल्या. नुकसान त्या कामगाराच्याच हयगयीने झालेलं असावं, आणि कपातीआधी त्याला आपली बाजू मांडायला मिळावी. हाच प्रश्न गीतेने पाच कारणं मोजून आधी विचारला होता, असं मला वाटतं. शेवटी ज्याचा हात दिसतो, दोष त्याचाच का?

सोलापूरला हा प्रश्न परका नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदवलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. काम हीच पूजा मानणाऱ्या आणि त्याला कायक म्हणणाऱ्या शरणांच्या परंपरेत ते मोठे. त्याच परंपरेतले अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना कामाच्या आसक्तीबद्दल छेडलं, अशी कथा आहे. तळं बांधलंस, पण त्यात ‘मी बांधलं’ किती आहे? त्यानंतर सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला गेले. लहानपणापासून ही कथा मी त्या दोघांची म्हणून ऐकली. आता माझं लक्ष टोपली उचलणाऱ्यांकडे जातं. त्यांची नावं कुठेही नाहीत. एकाने बांधाची माती सैल टाकली असती तर पुढच्या पावसात पाणी वाहून गेलं असतं, आणि लोकांनी त्याला दैव म्हटलं असतं. तळ्यात आजही पाणी आहे. त्या टोपल्यांना कायक म्हणायचं असेल, तर खोकं हळू ठेवणं हेही कायक आहे. त्याहून कमी नाही.

म्हणून हमालावर खापर फोडण्याला माझी ठाम हरकत आहे. पहाटे गाडी लागते तेव्हा त्याच्या पाठीवर काय ओझं असतं आणि हातात वेळ किती थोडा असतो, हे ज्याने पाहिलं आहे तो असं करणार नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला तो याच पाठींसाठी. ज्याला घाई करायला लावली, त्याच्याकडून अनुग्रहाची अपेक्षा कशी धरायची? घाई लावणाऱ्यालाही पाचव्या कारणात बसवलं पाहिजे, आणि स्वस्त पॅकिंगवर समाधान मानणाऱ्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकालाही.

मग खरं दैव उरतच नाही का? उरतं. छर्रा निर्दोष, फरशी घट्ट, श्वास जागेवर, आणि तरी शॉट जातो, असं घडताना मी पाहिलं आहे. तिथे मी हात जोडतो. तिच्या आईची श्रद्धा मला मोडायची नाही. देवाच्या मनात नव्हतं हे वाक्य शोध घेऊन झाल्यावर म्हणावं, एवढीच माझी विनंती आहे. आधी म्हटलं की ते कुणाच्या तरी निष्काळजीपणावर पांघरूण होतं, किंवा मुलीच्या मेहनतीवर ठपका.

आता ती मुलगी सरावाआधी छर्रे काचेवर घरंगळवते. कड वाकलेला छर्रा डगमगत, लंगडत जातो, लगेच कळतो. तिने निवडलेले स्पर्धेला, बाकीचे नवख्या मुलांच्या सरावाला, आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, शिसं आहे ते. विक्रेत्याला मी कळवलं आहे की प्रत्येक डबीत फोम घाला आणि खोक्यात मोकळी जागा ठेवू नका. ‘नाजूक’ असा शिक्का तर प्रत्येकच खोक्यावर असतो. म्हणून त्याखाली आत काय आहे आणि ते आदळलं तर नेमकं काय बिघडतं, हे मराठीत, कानडीत आणि तेलुगूत लिहून चिकटवा, असंही सांगितलं आहे. तेलुगू मजकूर त्या मुलीने लिहून दिला.