वाचून दाखवणारा

आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं नि जातं, ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

खरं सांगू? हा श्लोक मला मोठ्यांची चरित्रं वाचूनच पटतो. नोकरीत, घरात काही बिनसलं की मी गुलाबराव महाराज काढून बसतो. १८८१ साली आमच्याच अमरावती जिल्ह्यात, लोणी टाकळीला त्यांचा जन्म. वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. आईही लहानपणीच गेली. १९१५ मध्ये, ३४ व्या वर्षी देह ठेवला, तोवर शंभराच्या वर ग्रंथ! अभंग काय, संस्कृत सूत्रं काय, स्वतःची सांकेतिक लिपीसुद्धा. हे वाचलं की आपलं रडगाणं आपोआप बंद होतं.

मागच्या दिवाळीला नांदगाव खंडेश्वरला घरी गेलो. काचबिंदूनं बाबांची नजर निम्म्याच्या वर गेलीय, आणि गेलेली परत येत नाही. खंडेश्वराच्या देवळात पायऱ्या चढताना त्यांनी माझा खांदा धरला. मी लगेच महाराजांची गोष्ट सुरू केली. धीर द्यायचा होता ना!

बाबांनी सगळी ऐकली. मग म्हणाले, "महाराजाईले वाचून दाखवनारे होते. मले कोनी पेपर तरी वाचून दाखोते का?"

मी गप्प. दोन वर्षं मी पुण्यातून त्यांना रोज व्हॉट्सॲपवर श्लोक पाठवत होतो. ज्यांना स्क्रीन दिसत नाही, त्यांना.

महाराजांच्या दुःखातून मला मिळालेला धीर खोटा नव्हता. पण त्या गोष्टीचा शेवट मला ठाऊक होता. बाबांना त्यांच्या गोष्टीचा कुठे ठाऊक आहे? शिवाय महाराजांना कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवत होतं, कोणीतरी त्यांचं बोलणं उतरवून घेत होतं. ती माणसं चरित्रात होती, मीच पानं उलटत पुढे गेलो होतो. आणि 'सोस' म्हणणारा कृष्ण तरी लांबून कुठे बोलत होता? घोड्यांचे लगाम हातात धरून त्याच रथावर बसला होता की.

आता रोज रात्री ९ वाजता फोन लावतो नि पेपर वाचतो. काल सोयाबीनचा भाव दोनदा वाचायला लावला. म्हटलं, महाराजांचं पुस्तक घेऊ का?

"घे नं," म्हणाले. "पह्यले कापसाचा भाव सांग."