अमृताच्या ताटात करवंटी

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ १२९० चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत तो हातोहात नकलला गेला होता, आणि नकलणाऱ्याचा हात काही नुसता नकलून थांबत नाही. अडलेल्या शब्दाच्या जागी सोपा शब्द येतो, भक्तीच्या भरात पदरची ओवी पडते. नाथांनी पाठ ठरवला आणि शेवटी तंबी देऊन ठेवली. यापुढे कुणी यात आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

याच नाथांनी रामायण मात्र स्वतःच्या ढंगाने सांगितलं. ‘भावार्थ रामायण’ हे वाल्मीकींचं भाषांतर नव्हे. तो नाथांना उमगलेला राम आहे. नाथांच्या हातून ते पुरं झालं नाही. युद्धकांडात लेखणी थांबली आणि पुढचं गावबा या शिष्याने लिहिलं. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, मंद समजला जाणारा मुलगा, अशी त्याची आख्यायिका. म्हणजे एका ताटाला बोट लावू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या ताटात शिष्यानेही वाढायचं!

हा तिढा संतसाहित्यापुरता नाही. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेला माणूस “हे खरं घडलेलं आहे का हो?” असं विचारतो, तेव्हा तो याच तिढ्यापाशी उभा असतो. त्याच्या मनात उतरंड पक्की असते. डायरी खरी, कादंबरी रचलेली, परीकथा पोरासोरांच्या. डायरीला हात लावणं पाप, परीकथा कुणीही कशीही सांगावी.

ही उतरंड हलवणारं पुस्तक मराठी घरांतही ओळखीचं आहे. अ‍ॅन फ्रँकला लाल-पांढऱ्या चौकटींची वही मिळाली १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी. महिन्याभरात कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममधल्या वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपलं. २८ मार्च १९४४ ला लंडनहून चालणाऱ्या डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन बोलले की, युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं लोकांनी जपून ठेवावीत. अ‍ॅनने ते ऐकलं, आणि २० मेपासून स्वतःचीच डायरी नव्याने लिहायला घेतली. सुटे कागद, एकूण २१५. जे पोरकट वाटलं ते गाळलं, आठवून आठवून भर घातली, माणसांची नावं बदलली. सोबत लपलेलं फान पेल्स कुटुंब ‘फान डान’ झालं. जिच्या नावे सगळी पत्रं लिहिली आहेत ती किटी तर मनातली मैत्रीण. शिवाय हिशेबाच्या एका वेगळ्या वहीत ती गोष्टी लिहीत होती, त्यात परीकथा होत्या. आणि ‘कॅडीचं आयुष्य’ नावाची कादंबरीही तिने सुरू केली होती. डायरी, कादंबरी, परीकथा, तिन्ही एकाच मुलीच्या टेबलावर. ४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली तेव्हा नव्याने लिहायला घेतलेली डायरी आणि कादंबरी अर्धीच होती.

मग यातलं ‘खरं’ कोणतं? पहिला खर्डा, की चौदा-पंधराव्या वर्षी विचारपूर्वक बसवलेला दुसरा? पुस्तक आलं ते २५ जून १९४७ ला, आणि ते या दोन्हींतून वडिलांनी, ओटो फ्रँक यांनी, जुळवलेलं. आईवरचे काही तिखट उतारे त्यांनी वगळले. मेलेल्या बायकोविषयी मेलेल्या मुलीने रागात लिहिलेलं छापायचं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण साध्या वाचकाला ती कात्री कुठे चालली हे ताडून पाहता आलं १९८६ मध्ये, तिन्ही पाठ शेजारी शेजारी छापणारी चिकित्सक आवृत्ती आली तेव्हाच.

परीकथांचं उलट. तिथे सगळी मुभा आहे असं वाटतं, आणि फसगत तिथेच जास्त होते. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा. आपण पदरचं काही घातलं नाही, अशी ग्वाही प्रस्तावनेत आहे. त्यानंतर १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म ग्रिम गोष्टींवरून हात फिरवत राहिले. मराठी मुलांच्या ओळखीची हिमगौरी घ्या. १८१२ च्या गोष्टीत तिच्या जिवावर उठणारी राणी सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. उंच मनोऱ्यातली रापुन्झेल आधी विचारते की, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? गोष्ट पोरांच्या हाती जाणार म्हटल्यावर हा प्रश्न गेला. बदलाला हरकत नाही, परीकथा बदलतच जगतात. हरकत आहे ती ‘जशी ऐकली तशी’ या पाटीला. पाटी तीच ठेवून आतला माल बदलणं म्हणजे नाथांची करवंटी.

नाथांच्या तंबीतला कळीचा शब्द करवंटी नाही, ताट आहे. आपलं वेगळं ताट मांडा, त्यावर आपलं नाव घाला, मग त्यात काय हवं ते वाढा. ‘भावार्थ रामायणा’त नाथांनी हेच केलं. १९६७ साली मराठीत अशी दोन ताटं एकाच वेळी मांडली गेली. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली होती. कर्वे त्या पाठाचा आधार घेऊन कर्णाला कठोरपणे तपासतात. सावंत कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलू देतात, कुंती आणि दुर्योधनालाही बोलायला लावतात. मराठी घराघरांत रडवणारा कर्ण सावंतांचा आहे, आणि कुणी त्यांच्यावर व्यासांत भेसळ केल्याचा आळ घेऊ लागला, तर त्याला कादंबरी वाचता येत नाही एवढंच म्हणावं. मुळात ‘कादंबरी’ हा शब्द तरी कुठला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका कथेचं ते नाव. तीही बापाच्या हातून अपुरी राहिली आणि मुलाने पुरी केली.

वेगळं ताट आणि त्यावर आपलं नाव, ही कसोटी एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. अ‍ॅनने पहिल्या वहीतली दोन पानं तपकिरी कागद चिकटवून झाकली होती. संशोधकांनी तो कागद न सोडवता मागून प्रकाश टाकला, फोटो काढले, संगणकावर अक्षरं वेगळी केली आणि २०१८ मध्ये ते जाहीर केलं. खाली निघाले चार चावट विनोद, काही खोडलेले शब्द आणि स्त्रीपुरुष संबंधांविषयी तेहतीस ओळी. लिहिल्याची तारीख २८ सप्टेंबर १९४२. इथे कुणी पदरची ओवी घातलेली नाही. पाठ अस्सल आहे, फक्त लिहिणारीनेच त्यावर झाकण घातलेलं. विनोद जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. छापण्यासाठी म्हणून १९४४ मध्ये तिने जे पुन्हा लिहिलं, त्यात ही दोन पानं नाहीत.