रूळ मोकळा झाल्यावर

२२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी आम्ही मलकापूर स्थानकावर मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहत होतो. पाचोऱ्याजवळ अपघात झाल्याची वार्ता फलाटावर पसरली आणि आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, ‘गाडी किती उशिरा येणार?’ माणसे किती गेली, हे आम्ही नंतर विचारले. ती गोष्ट अजून मनाला टोचते.

लखनौहून मुंबईस निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली होती. माहेजी आणि परधाडे या स्थानकांदरम्यान कोणी साखळी ओढली, भ्यालेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान बारा जण दगावले. त्यांत नेपाळची माणसेही होती. दोन्ही गाड्या त्याच सायंकाळी पुढे मार्गस्थ झाल्या.

यात निर्दयपणा आहे काय? तसे म्हणणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. खोळंबलेल्या गाड्यांत कोणी रुग्ण असतो, कोणी आईच्या अंत्यविधीस निघालेला असतो. त्यांना अडवून मृतांचा सन्मान होतो, असे आम्हांस वाटत नाही.

मग खटकते ते काय? ओडिशातील बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी तीन गाड्यांच्या अपघातात २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कामगार रात्रंदिवस राबले आणि ५१ तासांनी त्या मार्गावरून पहिली मालगाडी गेली. रेल्वेमंत्री हात जोडून उभे होते. त्या कामगारांचे श्रम थोरच. परंतु भुवनेश्वरच्या एम्समध्ये ठेवलेल्या २८ मृतदेहांवर कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही. ऑक्टोबरमध्ये महापालिकेने त्यांचे दहन केले. ते ५१ तास सर्वतोमुखी झाले. हे चार महिने कोणी मोजले? नाव शोधणे, घरी कळवणे, देहास निरोप देणे, ही कामे रूळ सांधल्याने उरकत नाहीत. पवित्र शास्त्रातील तोबीत सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठला, रस्त्यावर पडलेला देह त्याने उचलून आणला आणि सूर्यास्त होताच त्यास माती दिली. घाई त्यानेही केली होती. ती मृतासाठी होती.

पाहुणे त्या रात्री बऱ्याच उशिराने उतरले. आता मुंबईस जाताना जळगाव मागे पडले की आम्ही खिडकीबाहेर पाहत राहतो. माहेजी येते, मग परधाडे. आमची गाडी तेथे थांबत नाही.